माध्यमांवरचं संशोधन, १९५६ चा रेडिओ प्रयोग आणि आपला नाशिक जिल्हा

गोदाकाठ

माध्यमांबद्दल आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक, 'टीव्ही आणि मोबाइलने पिढी नासवली.' दुसरं, 'कोण बघतं हल्ली बातम्या, कुणाला काय फरक पडतो.' गंमत म्हणजे एकच माणूस सकाळी पहिलं बोलतो आणि रात्री जेवताना दुसरं. मी याच विषयात पीएचडी करतेय, त्यामुळे दोन्ही ऐकून घ्यावं लागतं. वर 'यात शोधायचं काय असतं?' हेही.

तर शोधायचं काय असतं याचा एक नमुना देते, तोही घरचा.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे, त्यांतली साधारण दीडशे गावं. प्रत्येक गावात जास्तीत जास्त वीसेक जणांचं एक श्रोता मंडळ. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, विषय शेती, आरोग्य, गावची कामं. कार्यक्रम संपला की तिथेच बसून ऐकलेल्यावर बोलायचं. कळलं नाही किंवा पटलं नाही तर प्रश्न लिहून पुण्याला धाडायचा, उत्तर पुढच्या एखाद्या कार्यक्रमात यायचं. असं दहा आठवडे चाललं.

खरी मेख मोजमापात आहे. ते टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने केलं, काम पाहिलं पॉल न्यूरथ यांनी. त्यांनी मंडळाची गावं तर घेतलीच, शिवाय रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं घेतली, आणि रेडिओच नाही अशीही घेतली. प्रयोगाच्या आधी आणि नंतर लोकांशी बोलून कुणाला किती माहिती आहे ते तपासलं. मंडळांच्या गावांत माहिती भरपूर वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत त्या मानाने थोडीच. कार्यक्रम तोच, आवाज तोच, फरक पडला तो नंतरच्या बसण्याने. काही ठिकाणी तर ही मंडळं गावचे निर्णयच घ्यायला लागली. न्यूरथ यांना ती ग्रामपंचायत आणि गावसभा यांच्या अधलीमधली वाटली.

हे न्यूरथ मूळचे व्हिएन्नाचे. दाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून सुटून पुढे अमेरिकेत पोचलेले, तिथे पॉल लाझार्सफेल्ड यांच्या हाताखाली शिकलेले. लाझार्सफेल्ड यांनी १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोतल्या इरी काउंटीत महिनोन्‌महिने त्याच मतदारांना पुन्हा पुन्हा भेटून पाहिलं होतं की रेडिओ आणि पेपर लोकांचं मत बदलतात का. बदललेले फार थोडे निघाले. जे बदलले, त्यांच्यावर पेपरापेक्षा ओळखीच्या माणसाचा प्रभाव जास्त होता. आधी पेपर वाचणारा, गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस, आणि त्याच्याकडून बाकीचे. असा दोन टप्प्यांचा प्रवास. हाच धागा सोळा वर्षांनी आपल्या गावांपर्यंत आला.

माझं म्हणणं थोडक्यात असं: संदेशात फारसा दम नसतो, दम असतो तो ऐकल्यावर माणसं एकत्र बसून काय करतात त्यात. पटत नसेल तर झोडपा. आणि कुणाच्या घरी अशा मंडळांच्या आठवणी असतील तर जरूर लिहा.

सिन्नरी

मस्त विषय. १९५६ चं माहीत नाही, पण आमच्या आजोळी ग्रामपंचायतीत बॅटरीवरचा दणदणीत रेडिओ होता हे आजोबांकडून ऐकलंय. बॅटरी उतरली की पुढची येईपर्यंत रेडिओ मुका. किल्ली तलाठ्याकडे, तलाठी तालुक्याला. तुमच्या मोजमापात हे धरलं होतं का? :)

गोदाकाठ

हाहा, किल्ली कुणाकडे हा प्रश्न माध्यमांच्या अभ्यासात अजूनही सगळ्यात मोठा आहे. येईन त्याच्यावर.

एक राहिलं. हा प्रयोग इतका मनावर घेतला गेला की १९५९ पासून आकाशवाणीने अशी मंडळं देशभर सुरू केली. मूळ कल्पना कॅनडातली, तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांच्या रेडिओ बैठका चालत. मग आपल्याकडे त्या विरल्या का? दहा आठवड्यांचा प्रयोग आणि कायमची योजना यांत जो फरक असतो तो पडला. प्रयोगाच्या वेळी प्रश्नांना उत्तरं येत होती. पुढे गावाने विचारूनही कुणी ऐकतच नाही म्हटल्यावर कोण बसणार?

उन्हाळकांदा

ताई, निफाड तालुक्यातून लिहितोय. रेडिओचं जाऊ द्या. आता मोबाइलवर दर तासाला भाव येतात. लासलगाव, पिंपळगाव, येवला, विंचूर, सगळीकडचे. तरी शेतकरी तिथेच आहे. तुमचं संशोधन याच्यावर काय म्हणतं? आम्हाला लहानपणापासून सांगत आले, माहिती म्हणजे ताकद. माहिती खिशात आहे, ताकद कुठाय?

गोदाकाठ

दादा, नेमकं यावरच काम झालंय, आणि दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

पहिला केरळचा. १९९७ ते २००१ मध्ये उत्तर केरळच्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइल पोचले. तारली पकडणारे कोळी समुद्रातूनच बंदरांवर फोन करून भाव विचारायला लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने भावांच्या नोंदी ठेवल्या. आधी एका बंदरावर मासळी फेकून द्यायची वेळ, तर थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत. फोन आल्यावर बंदराबंदरातली भावाची तफावत जवळजवळ मिटली, मासळी वाया जाणं थांबलं. कोळ्यांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्के स्वस्त झाली. जगभर या अभ्यासाचे गोडवे गायले गेले.

दुसरा महाराष्ट्रातला. फाफशाँ आणि मिंटेन यांनी शंभर गावांत एक चाचणी घेतली. काही गावांतल्या शेतकऱ्यांना बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला मोबाइलवर पाठवणारी सेवा वर्षभर फुकट दिली, काहींना दिली नाही. पिकं होती टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू, सोयाबीन. २०१२ साली निष्कर्ष छापून आले. शेतकऱ्याला मिळालेल्या भावात म्हणण्यासारखा फरक नाही. पावसाने होणाऱ्या नुकसानीतही नाही.

तोच मोबाइल, तीच भावाची माहिती. तिकडे नफा, इकडे शून्य. का असेल? तुमच्याकडून ऐकायला आवडेल. माझ्याकडे पुस्तकी उत्तरं आहेत.

उन्हाळकांदा

सांगतो की. कोळ्याची होडी पाण्यात असते, नाक फिरवलं की दुसरं बंदर. माझी ट्रॉली एकदा लासलगावच्या रांगेत लागली की संपलं. ट्रॅक्टरचं भाडं, मजुरी अंगावर पडलेली असते. पिंपळगावला पन्नास रुपये जास्त आहेत असा मेसेज आला म्हणून रांग सोडून निघालो तर तिथे पोचेपर्यंत दुपारचा लिलाव सुरू, आणि भाव पुन्हा खाली.

दुसरं म्हणजे मेसेजमध्ये येतं काय? किमान, कमाल, सरासरी. माझ्या ट्रॉलीचा भाव कुठला? ते व्यापारी ट्रॉलीवर चढून दोन-चार कांदे हातात घेऊन ठरवतो. पत्ती कशी आहे, रंग काय, मान जाड आहे का, मोड आलाय का, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, किती मिसळलीय. दहा-पंधरा सेकंदांत बोली पुकारून माणसं पुढच्या ट्रॉलीवर. चिठ्ठी घेऊन व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करायला गेलो की कधी कधी ऐकू येतं, 'खालचा माल हलका निघाला, दोनशे कमी करा.' त्या वेळी मोबाइलमधली माहिती कुणाला दाखवू? भरलेली ट्रॉली अर्धी रिकामी झालेली असते.

आणि भाव तर आम्हाला मेसेज येण्याआधीच कळतो. रांगेत पुढे असलेला भाऊबंद फोन करतो. तो नुसता आकडा सांगत नाही. 'आज अमका घेतोय, तमका हात आखडून आहे, थांब जरा' हे सांगतो. ते कुठल्या सेवेत येत नाही.

गोदाकाठ

दादा, हे मी प्रबंधात वापरलं तर चालेल का? नाव न घालता.

मासळी दिवसभरात विकायलाच लागते, कोळ्याला कुठेही नेता येते आणि त्या किनाऱ्यावर आधी माहितीचीच वानवा होती. इथे माहिती मुळातच होती, अडत होतं ते पुढचं. संदेश पोचवणं म्हणजेच विकास, असं मानणारी एक मोठी पिढी होऊन गेली. तिच्या डोक्यात माहितीचा दुष्काळ होता. लिलावातला तो पंधरा सेकंदांचा कारभार तिला दिसलाच नाही.

कट्टा_मेंबर

मला एक कळत नाही. लोक ओळखीच्याचं ऐकतात, भाव कळून उपयोग नसतो, हे कुठल्याही आजीला माहीत आहे. त्यासाठी विद्यापीठं, अनुदानं, परिषदा? समाजशास्त्र म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कुणाला न कळेल अशा भाषेत सांगणं.

गोदाकाठ

हा टोमणा जुना आहे, आणि त्याचं सगळ्यात भारी उत्तर लाझार्सफेल्ड यांनीच १९४९ मध्ये देऊन ठेवलंय. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांवरच्या एका प्रचंड अभ्यासाचं परीक्षण लिहिताना त्यांनी आधी सहा निष्कर्ष दिले. उदाहरणार्थ, शिकलेल्या सैनिकांना कमी शिकलेल्यांपेक्षा मानसिक त्रास जास्त झाला. खेड्यातून आलेले शहरी पोरांपेक्षा जास्त मजेत होते, कारण कष्टाची सवय. वाचणारा माना डोलावतो, 'हे काय सांगायला हवं!' मग ते सांगतात की यातला प्रत्येक निष्कर्ष खऱ्या निष्कर्षाच्या नेमका उलट आहे. आणि खरा आधी सांगितला असता तर तोही तुम्हाला उघडच वाटला असता.

मोबाइलवर भाव मिळाले की शेतकऱ्याचं भलं होईल, हेही आजीला पटलंच असतं की.

कट्टा_मेंबर

बरं. एक गुण तुम्हाला.

जुना_बातमीदार

निफाडकरांच्या 'किमान, कमाल, सरासरी'वर थोडं. मी जिल्ह्याच्या पत्रकारितेत बरीच वर्षं काढली. पेपराचं नाव विचारू नका. बाजार समितीकडून तिन्ही आकडे येतात. मथळ्यात जातो कमाल. आवक हजार ट्रॉल्यांची असो, दोन ट्रॉल्यांना वरचा भाव मिळाला की दुसऱ्या दिवशी 'कांद्याची उसळी'. तो मथळा बघून पुण्या-मुंबईचा माणूस म्हणतो, शेतकऱ्याची चांदी आहे. प्रत्यक्षात सरासरी जिथल्या तिथे. हे कुणी मुद्दाम करतं असंही नाही. पानावर मोठा आकडा शोभतो एवढंच.

आणि जिल्हा आवृत्ती नावाचं प्रकरण. पूर्वी पेपरची एकच आवृत्ती असायची, तेव्हा नाशिकची चार ओळींची बातमी का होईना, मुंबईचा वाचक वाचायचा. आता निफाड-येवल्याची बातमी अर्धं पान छापतो, फोटोसकट, पण ती वाचणार निफाड आणि येवलाच. कांदेवाल्याचं दुखणं कांदेवाल्यालाच छापून दाखवायचं. आमच्या लोकांना वाटतं, वा, पेपरने किती जागा दिली! मंत्रालयात ते पान पोचतच नाही.

गोदाकाठ

जुना_बातमीदार सर, हा जिल्हा आवृत्तीचा मुद्दा सोन्यासारखा आहे.

यावरचा गाजलेला अभ्यास १९६८ चा. अमेरिकेतलं चॅपल हिल हे गाव, अध्यक्षीय निवडणुकीचे दिवस, मत न ठरलेले शंभर मतदार. मॅककॉम्ब्स आणि शॉ यांनी त्यांना विचारलं, सध्या सगळ्यात महत्त्वाचे प्रश्न कोणते. दुसरीकडे त्या भागात येणारे पेपर, साप्ताहिकं, टीव्हीच्या बातम्या यांत कशाला किती जागा मिळाली ते मोजलं. दोन्ही याद्या जवळजवळ जुळल्या. म्हणजे काय मत बनवा हे माध्यमं सांगू शकत नसली तरी कशाबद्दल मत बनवायचं हे बऱ्यापैकी ठरवतात. १९७२ मध्ये हे छापून आलं आणि त्यानंतर जगभर शेकडो वेळा तपासलं गेलं.

आता डिसेंबर २०२३ आठवा. कांद्याची निर्यातबंदी. दिल्लीच्या वाहिन्यांवर विषय होता महागाई. इकडे चांदवडला महामार्ग अडवला होता. बंदी उठली मे २०२४ मध्ये, तीही ५५० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. या सगळ्या काळात 'कांदा रडवणार' हा मथळा कुणाच्या डोळ्यातल्या पाण्याबद्दल होता, एवढं जरी मोजलं तरी एक चांगला प्रबंध होईल.

संपादक मंडळ

धागा छान चाललाय. निर्यातबंदीवरून पक्षीय राजकारणाकडे वळू नये ही विनंती.

जुना_बातमीदार

वळत नाही हो. एकच जोडतो. तालुक्याच्या बातमीदाराला पगार असतोच असं नाही, बऱ्याच ठिकाणी जाहिरातीचं कमिशन हीच कमाई. वाढदिवस, निवड, अभिनंदन यांच्या जाहिराती ज्यांच्याकडून येतात त्यांच्याविरुद्ध लिहिणार कोण? आमच्या विषयांची यादी दिवाळी अंकाच्या जाहिराती गोळा करतानाच ठरते. तुमच्या चॅपल हिलवाल्यांनी हे मोजलंय का बघा.

सायली_सातपूर

चर्चा वाचतेय कधीची. 'एकत्र बसून बोलणं' हा शब्दप्रयोग सगळ्यांनी फार सहज घेतलाय. बसतं कोण? पारावर बायका बसत नाहीत. संध्याकाळी साडेसहाला श्रोता मंडळ भरतं तेव्हा बाई चुलीपाशी असते. १९५६ मध्ये गावाची माहिती वाढली म्हणता, ती गावातल्या पुरुषांची वाढली असं म्हणा.

गोदाकाठ

मान्य, आणि तुमचा मुद्दा थेट माझ्या म्हणण्यावर येतो.

बायकांच्या बाबतीत उलट चित्र दाखवणारा अभ्यास आहे. जेन्सन (केरळवालेच) आणि एमिली ऑस्टर यांनी २००१ ते २००३ मध्ये बिहार, गोवा, हरियाणा, तामिळनाडू आणि दिल्ली इथल्या घरांत जाऊन बायकांशी बोलून नोंदी केल्या. याच काळात काही गावांत नव्याने केबल आली. तिथे नवऱ्याने मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घरातल्या निर्णयांत आणि बाहेर जाण्यात बाईचं चालणं वाढलं. मंडळ नाही, चर्चा नाही, नुसत्या मालिका. ज्या मालिकांना आपण सगळे नावं ठेवतो त्याच.

सायली_सातपूर

की तपासनीस बाईला काय उत्तर द्यायचं ते टीव्ही बघून कळलं? मारणं चुकीचं आहे असं म्हणायचं असतं, हे शिकणं वेगळं आणि मार थांबणं वेगळं.

गोदाकाठ

हीच शंका अभ्यासकांनाही आली होती. म्हणून त्यांनी बोलण्यावर न थांबता मुलांची शाळा आणि बाळंतपणं अशा गोष्टीही पाहिल्या. तिथेही फरक दिसला. तरी मारहाणीबद्दल तुमची शंका उरतेच. आणि एक: मालिका बायका एकट्या बघत नाहीत. शेजारणी येतात, दुसऱ्या दिवशी नळावर तोच विषय. तेही मंडळच, फक्त त्याला अध्यक्ष नसतो.

सायली_सातपूर

आमच्या कंपनीच्या बसमध्ये रोज भरतं. चालू द्या.

येवलेकर

बसतं कोण, हा प्रश्न सायलीताईंनी अर्धाच विचारला. पारावर कुणाला बसू दिलं जात होतं?

नाशिकमध्ये बसून माध्यमांवर बोलायचं आणि काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचं नाव नाही, हे बरोबर नाही. २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड आघाडीवर, पुढे पाच वर्षं तो चालला. १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आता बाबासाहेबांच्या पेपरांची सालं बघा. मूकनायक १९२०, बहिष्कृत भारत १९२७, जनता १९३०, प्रबुद्ध भारत १९५६. पैशाची ओढाताण असताना पुन्हा पुन्हा पेपर का काढावा लागला? मूकनायकची जाहिरात पैसे देऊनही छापायला तेव्हाचा सगळ्यात मोठा मराठी पेपर तयार नव्हता म्हणून. तुमच्या अमेरिकन प्रोफेसरांनी १९६८ मध्ये मोजलं, ते इथे १९२० मध्ये अंगावर आलं होतं.

आणि जुनं म्हणून सोडू नका. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीने देशातल्या माध्यमांमधल्या १२१ वरच्या पदांची मोजणी केली. १०६ जागी तथाकथित उच्चवर्णीय. अनुसूचित जाती-जमातींपैकी एकही नाही.

गोदाकाठ

येवलेकर, काही खोडून काढायला नाही. १९५६ च्या प्रयोगाकडे बघताना हे डोक्यात ठेवून बघायला हवं: मंडळातले वीस जण निवडले कुणी, आणि कुणाच्या ओट्यावर.

जुना_बातमीदार

+१. न्यूजरूममध्ये आमच्या आडनावांची यादी वाचली असती तरी कळलं असतं, सर्व्हे नको.

कट्टा_मेंबर

सगळेच 'एकत्र बसून बोलण्या'ला चांगलं धरून चाललेत. व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे दुसरं काय असतं? तिथेही ओळखीचीच माणसं असतात, त्यांच्याच शब्दाला वजन. आणि राईनपाड्याचं हत्याकांड तिथूनच घडलं.

मोसमकाठ

मी मालेगावचा. १ जुलै २०१८. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली म्हणून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी मंगळवेढ्याकडची माणसं. त्याच रात्री आमच्याकडेही तीच अफवा, एका कुटुंबाला जमावाने घेरलं. दोन वर्षांचं पोरही होतं त्यांच्यात. पोलीस आणि मोहल्ल्यातले काही जण मधे पडले म्हणून ती माणसं वाचली, जमावाने पोलिसांची गाडीसुद्धा उलटवली.

दोन्हीकडे मेसेज तोच होता. एकीकडे पाच मुडदे पडले, एकीकडे माणसं जिवंत घरी गेली. याचं तुमचं शास्त्र काय सांगतं ते खरंच जाणून घ्यायचंय. आम्ही इथे सगळ्यांना 'फॉरवर्ड करू नका' एवढंच सांगत फिरलो.

गोदाकाठ

मोसमकाठ, उत्तर द्यायला वेळ लागला, कारण यावर पटकन लिहू नये असं वाटलं.

अफवांवरचा एक फार जुना अभ्यास आपल्या देशातला आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये महाभूकंप झाला. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी त्यानंतर पसरलेल्या अफवा गोळा केल्या. धक्का बसला पण पडझड झाली नाही अशा भागातही पुढच्या भयंकर संकटाच्या अफवा उठत होत्या: महापूर येणार, अमक्या दिवशी पुन्हा भूकंप होणार. यावरून १९५७ मध्ये लिऑन फेस्टिंगर यांनी उलटा विचार मांडला. लोक अफवेमुळे घाबरत नव्हते. ते आधीच घाबरलेले होते, डोळ्यासमोर कारण दिसत नव्हतं, अफवेने ते पुरवलं.

राईनपाड्यानंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बनाजी, राम भट आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांत फिरून अभ्यास केला, तो २०१९ मध्ये आला. व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्येच भारतात फॉरवर्ड पाच चॅटपुरतं आणलं होतं. सरकार, कंपनी, सगळ्यांचा सूर एकच: लोक अडाणी आहेत, त्यांना खरं-खोटं ओळखायला शिकवा. अभ्यासाने सांगितलं, तसं नाही. पाठवणाऱ्या पुष्कळांना मेसेज खरा की खोटा याची फिकीरच नव्हती. कुणाबद्दल आहे हे महत्त्वाचं होतं. ज्यांच्याबद्दल मनात आधीच संशय किंवा तिरस्कार आहे, भटके, मुसलमान, दलित, आदिवासी, त्यांच्याबद्दलचा मेसेज पुढे जातो. फॉरवर्ड थांबवून संशय थांबत नाही.

राईनपाड्यात मेलेले कोण होते ते बघा. आणि मालेगावात काय वेगळं घडलं ते तुम्हीच लिहिलंय, जमावात शब्दाला वजन असलेली माणसं मधे पडली. लाझार्सफेल्डच्या भाषेत ती ओपिनियन लीडर. कट्टा_मेंबर म्हणतात ते खरं आहे, एकत्र बसण्यातला दम दोन्हीकडे चालतो, विहीर खणायला आणि माणूस मारायलाही. मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं ते म्हणून मी मागे घेत नाही, पण 'एकत्र' म्हणजे कोण कोण हे विचारल्याशिवाय ते वाक्य अर्धवट आहे.

मोसमकाठ

मधे पडणाऱ्यांत आमच्या गल्लीतला एक चहावाला होता. ओपिनियन लीडर म्हटलं तर हसेल तो. पण त्याच्या टपरीवर सगळे उधारीवर चहा पितात, त्याला कोण ढकलणार?

गुरुजी_इगतपुरी

थोडी बरी बातमी देतो. २०२० मध्ये शाळा बंद, आमच्या वाड्यापाड्यांवर मोबाइलला रेंज नाही, ऑनलाइन कशाचं? तेव्हा नाशिकच्या रेडिओ विश्वास या सामुदायिक केंद्राने 'शिक्षण सर्वांसाठी' सुरू केलं. तिसरी ते दहावीचे पाठ, दीडशेच्या आसपास शिक्षकांनी आवाज दिला. आमच्या तालुक्यात साडेचारशेच्या आसपास एफएम संच आले. पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

माझ्या बघण्यात असं आलं की जिथे संच एकाच घरात राहिला तिथे आठवडाभरात त्यावर गाणी लागली. जिथे एखादी बारावी शिकलेली मुलगी चार पोरं ओसरीवर घेऊन बसायची, मधेच 'काय कळलं सांग' विचारायची, तिथे पोरं शाळा उघडल्यावर मागे पडली नव्हती. मी काही आकडे ठेवले नाहीत, पण १९५६ चं वाचून तेच आठवलं.

गोदाकाठ

गुरुजी, आकडे नसले तरी त्या मुली कोण हे सांगू शकाल का? मला त्यांच्याशी बोलायचंय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

उन्हाळकांदा

ताई, मघापासून वाचतोय. तुमचा तो 'कुणाच्या डोळ्यात पाणी' प्रबंध कुणी करणार असेल तर एक सुचवतो. नुसते मथळे मोजू नका. त्या दिवशीच्या शंभर हिशोबपट्ट्या घ्या, प्रत्यक्ष मिळालेला भाव लिहा, आणि शेजारी दुसऱ्या दिवशीच्या पेपरचा आकडा लिहा. शेतकरी पट्ट्या जपून ठेवतात, देतील. माझ्याकडे मागच्या चार हंगामांच्या आहेत, पत्र्याच्या पेटीत.

जुना_बातमीदार

हे एक नंबर. पेपरचे जुने अंक पाहिजेत तर सार्वजनिक वाचनालयात विचारा. जिल्हा आवृत्तीच बघा, मुख्य अंकात हे सापडणार नाही. बाजार समितीचे रोजचे किमान-कमाल-सरासरी मिळतात, ते तिसरा रकाना म्हणून लावा.

गोदाकाठ

मी करते. दोन विद्यार्थी पण आहेत मदतीला. दादा, कधी यायचं? आणि माल खाली करताना भाव तोडला तर तो पट्टीवर दिसतो का?

उन्हाळकांदा

नाही दिसत. पट्टीवर शेवटचा भाव येतो. पुकारलेला भाव लिलावाच्या चिठ्ठीवर असतो, ती खळ्यावर जमा होते. म्हणून पोरांना ट्रॉलीपाशी उभं करा, चिठ्ठी हातात पडली की फोटो काढू द्यायला सांगतो मी आमच्या लोकांना. सोमवारी या, आवक जास्त असते. सकाळी आठच्या आत पोचा, नंतर रांगेमुळे गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि ती लांबलचक प्रश्नावली आणू नका, माणूस रांगेत असताना दोनच प्रश्नांना उत्तर देतो.